परदेशचा पगार आणि बारदान

आमच्या व्यापारी कुटुंबांतील तरुण नोकरीनिमित्त दुबईस जातात, तेव्हा तेथील दिरहमांस रुपयांनी गुणून घरची मंडळी हरखून जाते. परंतु धान्य तोलताना आम्ही बारदान वजा करूनच निव्वळ वजन धरतो. तोच न्याय येथेही लावावा.

१९६६ पर्यंत तेथे आपला रुपया अथवा त्याच मोलाचा आखाती रुपया चालत असे. १९९७ पासून दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणून रुपया घसरला की घरी पाठविलेली रक्कम फुगते. तिकडेच खर्चिलेल्या दिरहमास त्याचा काडीइतकाही लाभ नाही.

पगारावर प्राप्तिकर नाही, हे खरे. तथापि घरभाडे बहुधा मोठ्या हप्त्यांच्या आगाऊ धनादेशांनी द्यावे लागते. वार्षिक भाड्याच्या ५ टक्के नगरपालिकेचा आकार वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होतो. २०१८ पासून बहुतेक खरेदीवर ५ टक्के मूल्यवर्धित करही आहे. मुलांना खासगी शाळेत शुल्क भरूनच शिकवावे लागते.

तेव्हा बंधुजनांस विनंती की, सहकुटुंब प्रस्थान ठेवण्यापूर्वी भाडे, शाळा व प्रवास ही खाती खर्चाच्या बाजूस आधी मांडावीत. तुलना करावी ती शिल्लकीची शिल्लकीशी. पगाराची पगाराशी नव्हे.