आजीसाठी सबटायटल्स

तर मंडळी, आधीच कबूल करते. मी कॉन्व्हेंटवाली, माझं मराठी यथातथाच. पण आमच्या आजीला गेली दोन वर्षं नीट ऐकू येत नाही, आणि यंत्र कानात घालायला ती तयार नाही. टीव्हीसमोर नुसती बसून असते. म्हटलं, हिला वाचता तर येतं! माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) हा इराणी सिनेमा माझा भयंकर लाडका. इंग्रजी सबटायटल्स काढून तिथे मराठी घालायची, एवढंच काम. दोन तासांत होईल असं वाटलं होतं. दोन आठवडे लागले.

आधी एक बघून घ्या. तुमच्या क्लिपमधली सबटायटल्स बंद करता येतात का? येत नसतील तर ती चित्रातच भाजलेली आहेत, म्हणजे अक्षरं नाहीत, पिक्सेल आहेत. ती खोडता येत नाहीत; फार तर वर काळी पट्टी मारायची. बंद होत असतील तर नशीब चांगलं. बहुतेक वेळा ती वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये असतात आणि ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत क्रमांक, त्याखाली वेळ, त्याखाली वाक्य, मग एक रिकामी ओळ. वेळ अशी:

००:१२:०४,५०० --> ००:१२:०७,०००

म्हणजे बाराव्या मिनिटाला साडेचार सेकंदांनी वाक्य येणार, सातव्या सेकंदाला जाणार. (फाइलमध्ये हे आकडे इंग्रजीच हवेत, आणि मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम. मी हौसेने मराठी आकडे घातले आणि सगळं गायब!) सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फाइलला व्हिडिओचंच नाव दिलं की व्हीएलसी ती आपणहून उचलतो.

मग वेळेची भानगड. सबटायटल्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच मागे असतील तर सोपं आहे, सगळी एकदम सरकवायची. माझी मात्र सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे मागे पडत होती. कारण फ्रेम रेट! फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सच्या प्रतीसाठी बनलेली, माझी प्रत २५ ची. दीड तासाच्या सिनेमात हा फरक साडेतीन मिनिटांच्या वर जातो. ‘सबटायटल एडिट’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे. तिथे एका क्लिकवर काम झालं.

खरी परीक्षा भाषांतरात. इंग्रजीतलं ‘यू’ म्हणजे तू की तुम्ही? आणि ‘आय ॲम गोइंग’ कोण म्हणतंय, मुलगा की मुलगी? मी शहाणपणा करून चित्र न बघता नुसत्या फाइलवरून भाषांतर केलं. पहिल्या ट्रायलला झाहरा भावाला म्हणाली, “मी जातो.” आजी लगेच, “ही पोर कोल्हापूरची का गं?” सगळं परत तपासलं, या वेळी सिनेमा समोर लावून.

शिवाय लांबी. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं असा दंडक बरेच जण पाळतात. पण कॉम्प्युटर आपल्या मात्रा आणि हलन्तसुद्धा मोजतो. ‘क्षि’ हे एक अक्षर त्याच्या लेखी चार! त्यामुळे त्या मोजणीवर न जाता मी आजीलाच मोठ्याने वाचायला लावलं आणि घड्याळ लावलं. तिचा वेग माझ्या निम्मा निघाला. मग वाक्यं छाटली, ‘अरे’, ‘बरं का’ उडवलं, आणि पुढचं वाक्य लांब असेल तिथे आधीचं सेकंदभर जास्त ठेवलं. आमच्या सरांनी निबंधात कधी इतकी काटछाट करवली नव्हती.

शेवटचं विघ्न टीव्हीचं. लॅपटॉपवर सुरेख दिसणारी अक्षरं पेनड्राइव्हवरून टीव्हीवर नुसते चौकोन, कारण टीव्हीत देवनागरी फॉन्टच नाही. शेवटी हँडब्रेक वापरून मराठी ओळी चित्रातच भाजल्या. आधी ज्याला नावं ठेवली तेच केलं!

रविवारी आजीने पूर्ण सिनेमा पाहिला. अली शर्यतीत पहिला येऊनही रडतो, कारण बूट तिसऱ्या नंबराला होते, तिथे तिने चष्मा पुसला. शेवटी मी म्हटलं, “बघ, मिळाले नाहीतच ना बूट.” ती म्हणाली, “मिळाले की! बापाच्या सायकलवर नाही का दिसले?”

मी सिनेमा मागे नेला. खरंच, सायकलवर नवे बूट. तिथे संवाद नाही, म्हणून मी तो भाग प्रत्येक वेळी पुढे ढकलला होता.