कान दोन्हीकडे, पण पारख ठेवून

आज आपण ऐकायच्या पुस्तकांबद्दल बोलणार आहोत. हल्ली मोबाइलवर अख्खं पुस्तक कुणीतरी वाचून दाखवलेलं मिळतं. त्याला ऑडिओबुक म्हणतात. शेंगा फोडताना, शिलाई मशीनवर बसल्यावर, संध्याकाळी भाकरी थापताना हात गुंतलेले असतात, पण कान मोकळे असतात. अक्षर जुळवून वाचायला जिला जड जातं, तीही अशी जाडजूड कादंबरी पुरी ऐकू शकते. आमच्या गटातल्या बायका दोन प्रकारची पुस्तकं जास्त मागतात. एक कादंबरी आणि दुसरा इतिहास. दोन्ही ऐकावीत, पण दोन्ही एकाच कानानं ऐकू नयेत, असं आमचं मत आहे. का, ते सांगतो.

छापील पुस्तक हातात घेतलं की त्यावर ‘कादंबरी’ असं लिहिलेलं दिसतं. इतिहासाच्या पुस्तकात खाली बारीक टिपा असतात, मागं कागदपत्रांची यादी असते. ऐकताना यातलं काहीच दिसत नाही. तोच आवाज, तोच ठसका. त्यामुळं कादंबरीतला प्रसंग आणि घडलेली गोष्ट कानाला सारखीच लागते. आपण ऐकलेलं पुढं लेकरांना सांगतो, बैठकीत सांगतो. तिथं एकाची गोष्ट दुसऱ्याचा पुरावा होऊन बसते, आणि मग त्यावरून वादही होतात.

उदाहरण घेऊ. रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली आली. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची ती कथा. त्यातलं पक्कं काय आहे? माधवराव १७६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले. काका रघुनाथराव यांच्याशी त्यांचे तंटे झाले. १७६३ साली राक्षसभुवनला निजामाशी लढाई झाली. क्षयानं ते खंगत गेले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. तिथंच रमाबाई सती गेल्या. हे सगळं इतिहास सांगतो. पण मध्यरात्री दालनात नवराबायको एकमेकांशी काय बोलले, रमाबाईंच्या मनात काय चाललं होतं, ते ऐकायला तिथं कोण होतं? ते बोलणं लेखकानं रचलेलं आहे. ते इतकं मनाला लागतं की खरंच वाटतं. तेच त्याचं कसब.

इतिहास लिहिणाऱ्याला अशी मोकळीक नसते. त्याला कागद लागतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्या काळातली पत्रं, हिशेब, याद्या आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून घेतले. अशा कागदांत फौजेचा खर्च सापडतो, कोण कुठल्या मुक्कामी होतं ते सापडतं. पण बाईच्या मनातलं क्वचितच सापडतं. म्हणून इतिहास ऐकताना कोरडा वाटतो, आणि बाया कादंबरीकडं वळतात. त्यात काही चुकीचं नाही. फक्त भरलेली जागा कुणी भरली, एवढं ध्यानात ठेवावं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे कादंबरी खोटी का? तसं नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ घ्या. सव्वाशे वर्षांहून जुनी कादंबरी. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगते. यमू कधी जन्मलीच नव्हती. पण त्या काळी पुण्यातल्या घरांत सुनेचे आणि विधवेचे काय हाल होत, ते त्यातून जितकं कळतं तितकं नुसत्या सनावळीतून कळत नाही. कादंबरीला विचारावं, ‘माणसं अशी वागतात का?’ इतिहासाला विचारावं, ‘हे तुला कशावरून कळलं?’ दोघांना एकच प्रश्न विचारला की गोंधळ होतो.

यात तिसरा प्रकार आहे, स्वतः पाहिलेलं सांगणाऱ्यांचा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते झाशीतच होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्यांनी ते बऱ्याच वर्षांनी, आठवून लिहिलं, आणि छापलं गेलं १९०७ साली. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसालाही काही आठवतं, काही निसटतं. आपणही वीस वर्षांपूर्वीचं लग्न सांगताना पंगती किती उठल्या यावर भांडतोच की. म्हणून आठवणींचा मान ठेवावा, पण तारखा आणि आकडे दुसरीकडं ताडून पाहावेत.

आता ऐकण्याच्या रीतीबद्दल. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आळीपाळीनं ‘मी’ म्हणून बोलतात. पानावर नाव दिसतं. ऐकताना मात्र मध्येच कुणी हाक मारली आणि चार वाक्यं हुकली, तर कुंतीचं बोलणं कर्णाचं वाटतं. अशी कादंबरी ऐकताना प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कोण बोलतंय ते एकीनं मोठ्यानं सांगावं. इतिहासाचं पुस्तक मात्र एका बैठकीत वीसेक मिनिटांवर नेऊ नये. नावं आणि सन कानातून लवकर गळतात. एकीनं वहीत तीन ओळी लिहाव्यात: कोण, कुठं, कधी. गावं आली की शाळेतला नकाशा समोर धरावा.

वाचणाऱ्याच्या आवाजाकडंही लक्ष असू द्या. रघुनाथरावांची वाक्यं कुणी कपटी, घोगऱ्या आवाजात वाचली, तर त्यांचा निवाडा आपण पुस्तकाआधीच करून मोकळ्या होतो. मागं ढोलताशे वाजत असतील तर साधं वाक्यही थोर वाटतं. कादंबरीला थोडं नाट्य शोभतं. इतिहास मात्र सरळ, शांत आवाजात वाचलेला आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पैसे देऊन घेतलेलं पुस्तक ग्रुपवर फिरवू नये, ती लेखकाची आणि वाचणाऱ्याची कमाई आहे. पण लेखक वारल्यावर साठ वर्षं उलटली की ते मूळ पुस्तक कुणालाही वाचून ध्वनिमुद्रित करता येतं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं लग्नानंतर घरी अक्षरं गिरवली आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. समोर बसून बोलावं अशी भाषा. गटातल्या वाचणाऱ्या मुलींनी ते आळीपाळीनं वाचून मोबाइलवर घ्यावं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकवावं.

शेवटचं. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना प्रत्यक्ष भेटून, त्यांना बोलतं करून ते लिहिलेलं आहे. कागदांत बायका सापडेनात, तेव्हा बायकांनाच विचारलं. आपल्या गावात १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आज्या अजून आहेत. मजुरी किती मिळायची, पाणी कुठून आणायचं, लेकरं कुणाजवळ ठेवायची, हे त्यांना विचारा. मोबाइलवर त्यांचंच बोलणं घ्या. सुरुवातीला आजीचं नाव, गाव आणि आजची तारीख बोला. मध्ये आपलं काही घालू नका, त्यांचं काही गाळू नका. आणि हो, आधी त्यांची परवानगी घ्या.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की वीस मिनिटं यासाठी ठेवा. या आज्या वयानं थकल्या आहेत, हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.