आईचं भरीत आणि कळण्याची भाकरी

थंडी पडली की आमच्या जळगावकडे भरताचे बेत सुरू. वांगं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, गर भरपूर. या ‘जळगाव भरीत वांग्या’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

आई वांग्याला टोचे मारायची, नाहीतर ते भाजताना फुटतं. तेलाचा हात लावून कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची. गॅसवर ती चव येत नाही, यावर मी वाद घालायला तयार आहे! साल काढली की गर लाकडी बडगीत ठेचायचा, मिक्सरचं इथे काम नाही. मग तेलात हिरव्या मिरच्या-लसणाचा ठेचा, शेंगदाणे, कांद्याची पात, वर कोथिंबीर. टोमॅटो, गरम मसाला अजिबात नाही.

सोबत कळण्याची भाकरी. किलोभर ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून एकत्र दळायचं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी. उडदामुळे ते जुळून येतं, थापताना कडा चिरत नाहीत. गरम भाकरीवर आई कच्चं शेंगदाणा तेल सोडायची.

दुसऱ्या दिवशी भरीत आणखी मुरतं म्हणे. आमच्याकडे उरायचं कुठे!