गौरीच्या आधीची गोळी
(ओळख औषधांची : लेखांक ९)

भाद्रपद लागला की मुळशीतल्या पौड-पिरंगुटकडच्या औषधाच्या दुकानात बाया दबक्या आवाजात एक गोष्ट मागतात : पाळी पुढे ढकलायची गोळी. घरी गौरी यायच्या, पुरणाचा स्वयंपाक अंगावर आणि तारीख नेमकी पूजनाच्या दिवशी. दुकानदार पट्टी कापून पाकिटात घालतो. वय किती, रक्तदाब आहे का, कुणी विचारत नाही आणि तिलाही विचारलेले नकोच असते. पट्टी अशी कापलेली असते की औषधाचे अर्धे नाव दुकानातच राहते. त्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायचे नाही, असा तिचा अर्थ.

गोळीचे नाव नॉरएथिस्टेरॉन. आपल्या शरीरातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम करणारे हे कारखान्यात घडवलेले रसायन. मुळशीकरांना ते काम भातखाचरावरून चटकन कळेल. बांध शाबूत आहे तोवर पाणी खाचरात थांबते, बांध फोडला की वाहते. प्रोजेस्टेरॉन आहे तोवर गर्भाशयाचे अस्तर टिकते. ते उतरले की अस्तर सुटते, पाळी येते. गोळी हा बांध काही दिवस धरून ठेवते. साधारणपणे पाळीच्या तीन दिवस आधीपासून ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीनदा देतात. थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. आणि हे नीट ध्यानात ठेवा : अशा रीतीने घेतलेली गोळी गर्भ राहण्यापासून मुळीच वाचवत नाही.

हे रसायन पहिल्यांदा तयार झाले १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत. ते घडवणारा, रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करणारा लुईस मिरामोंतेस तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता. त्या काळी अशा संप्रेरकांचा कच्चा माल मेक्सिकोच्या रानातल्या कंदातून मिळे. आपल्या सह्याद्रीतले करांदे त्याच कुळातले. पण मूळ रानातले, म्हणून औषध निरुपद्रवी, असा हिशेब कुणी करू नये.

खरे तर हे फार उपयोगाचे औषध आहे. अंगावरून खूप जाते, गाठी पडतात, लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहवत नाही, अशा बाईचा रक्तस्राव ते थांबवते. एंडोमेट्रिओसिसच्या, म्हणजे गर्भाशयासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या, दुखण्यातही ते देतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. पिशवी काढण्याआधी गोळ्यांनी भागते का, हे विचारण्याचा प्रत्येकीला हक्क आहे, हे तेव्हापासून मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. मात्र आधी तपासणी हवी, चाळिशीनंतर तर नक्कीच. कारण न शोधता रक्त थांबवले, तर आतला आजार झाकला जातो.

मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, चिडचिड, मध्येच डाग पडणे हे त्रास बऱ्याच जणींना होतात आणि गोळी थांबली की जातात. मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकात बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतले, तर ते एखाद्या नेहमीच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनइतके भरते. त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. निरोगी तरुणीत तो थोडा. पण आधी गुठळी झालेली, खूप वजन असलेली, नुकतीच बाळंत झालेली किंवा लांबचा प्रवास करणारी बाई असेल, तर तो नजरेआड करता येत नाही. यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, अर्धशिशी, फिटच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असणे, हे सगळे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. दिवस गेल्याची शंका असेल, तर गोळी घेऊच नये.

माझे मत विचाराल, तर पाळी आली म्हणून गौरीला नैवेद्य दाखवता येत नाही, हे मला पटत नाही. घरातल्या सासूबाईंनी आणि दादल्यानेही ‘राहू दे, आम्ही करतो’ एवढे म्हटले, तर निम्म्या गोळ्यांची गरजच उरणार नाही. तरीही घ्यायचीच असेल, तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा.

गोळी चालू असताना किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा एकाएकी धाप लागून छातीत कळ आली, तर सण उरकायची वाट पाहू नका. ताम्हिणीकडच्या वाडीवरून दवाखाना गाठायला वेळ लागतो. लगेच १०८ ला फोन करा आणि कोणती गोळी घेतली होती, ते आधी सांगा.