मळ्यावरच्या उजेडाचा हिशेब



गावात घरोघर वीज आली, तरी मळ्यावरच्या खोपीत ती पोचलेली असतेच असे नाही. आणि उजेडाची गरज तर तिथेच जास्त. कृषिपंपाची वीज पुष्कळ ठिकाणी अजूनही रात्रपाळीने येते. मग अंधारात दारे धरायची, बांधावरून चालायचे. मण्यारही रात्रीचीच बाहेर पडते. पायापुढे दिवा असला तर जीव वाचतो.

दिव्यासाठी काही जण खांबावरच्या तारेवर आकडा टाकतात. ओल्या मातीत उभे राहून २३० व्होल्टशी खेळणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. शिवाय दिवा, मोबाइल, रेडिओ यांना एवढी वीज लागतच नाही. त्यांचे काम ५ ते १२ व्होल्टवर भागते. तेवढी वीज एक बॅटरी आणि सौर पॅनेल मिळून सहज देतात.

मात्र बाजारातून पॅनेल आणि बॅटरी आणायची, ती चार-सहा महिने चालायची आणि मग कोपऱ्यात पडायची, असेही पुष्कळ ठिकाणी दिसते. दोष बहुतेक वेळा वस्तूचा नसतो. आधी हिशेब केलेला नसतो, एवढेच.

बॅटरी म्हणजे कणगी

कणगीत धान्य किती आणि घरात खाणारी तोंडे किती, हे बघूनच आपण वर्ष काढतो. बॅटरीचेही तसेच आहे. बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार म्हणजे कणगीतला साठा. फवारणी पंपात साधारणपणे १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॅट-तास.

पण हा सगळा साठा काढायचा नसतो. शिसे-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर तिचे आयुष्य फार लवकर संपते. म्हणून निम्माच साठा आपला समजावा, म्हणजे ४८ वॅट-तास. ३ वॅटचा एक दिवा त्यावर १६ तास चालेल.

तुमच्या मळ्याचा हिशेब करा

समजा, मळ्यावर ३ वॅटचे दोन दिवे रोज ५ तास लावायचे आहेत. ३० वॅट-तास झाले. एक मोबाइल पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, सुमारे २५. लहान रेडिओ तीन तास, ३. एकूण ५८, म्हणजे ६० धरा.

एखादा दिवस आभाळ येणारच. म्हणून दोन रात्रींची सोय करू. १२० वॅट-तास वापरायचे आणि निम्मेच काढायचे, तर साठा २४० चा हवा. म्हणजे १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची बॅटरी.

आता ती भरणार कशी? स्वच्छ दिवशी आपल्याकडे साधारण ५ तासांच्या कडक उन्हाइतकी शक्ती मिळते. ४० वॅटचे पॅनेल २०० वॅट-तास देईल. तारा, धूळ आणि उष्णता यांत एक तृतीयांश गेले तरी १३० उरतात. ढगाळ दिवशी निम्मे मिळाले तरी रोजचे ६० भागतात.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला करा. तिरपेपणा आपल्या भागाच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे १८ ते २० अंश ठेवा. झाडाची किंवा खांबाची सावली पडू देऊ नका. थोड्या सावलीनेही वीज बरीच घटते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसा.

जोडणीत काय सांभाळाल?

१. बारा व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल उन्हात १७-१८ व्होल्ट देते. ते थेट बॅटरीला जोडू नका. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. बॅटरी भरली की तो चार्जिंग आवरतो, आणि चांगला असला तर फार उतरली की दिवेही बंद करतो.

२. मोबाइलला ५ व्होल्ट लागतात. १२ व्होल्ट थेट दिले तर तो जळेल. मोटारगाडीत लावतात तो चार्जर मध्ये वापरा. दिवेही १२ व्होल्टचेच घ्या. घरातला बल्ब इथे चालणार नाही.

३. तार जाड आणि आखूड ठेवा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने बॅटरीपासून २० मीटरवर २ अँपिअर नेले, तर जाण्यायेण्यात जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच संपतो.

४. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन तारा एकमेकींना टेकल्या तर त्या लाल होतात आणि कडब्याला आग लागते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवा.

५. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. ती हवेशीर जागी ठेवा. जवळ विडी किंवा चूल नको. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचे नाही.

फवारणी पंप ठेवून देताना

हंगाम संपला की पंप तसाच माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी बॅटरी मेलेली निघते. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण पांढरा थर धरतो, आणि तो मग निघत नाही. म्हणून पूर्ण चार्ज करूनच ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. स्वस्त मल्टिमीटर घरात असावा. विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ असेल तर निम्मी समजा. हल्ली काही पंपांत लिथियमची बॅटरी येते. तिला तिचाच चार्जर लावा.

कुंपणाबद्दल एक विनंती

रानडुकरांसाठी कुंपणात घरची वीज कधीही सोडू नका. त्यात माणसे दगावतात, आपलीच मुले दगावतात, आणि तो गुन्हाही आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे प्रमाणित झटका यंत्र क्षणभरच वीज सोडते. त्याने जनावर पळते, मरत नाही. त्या कुंपणावर धोक्याची पाटी मात्र लावा.

निकामी बॅटरी फोडू नका, तिचे आम्ल ओढ्यात ओतू नका. आतले शिसे विषारी असते. ती विक्रेत्याला परत द्या.

खरेदीला जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन घरच्यांसह बसा आणि हा हिशेब मांडा. मुलांना गुणाकार करायला सांगा. अंथरूण पाहून पाय पसरले, तर मळ्यावरचा दिवा रोज रात्री लागेल.