जुनी मोठी एसयूव्ही घेताना

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गालगत, उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसविलेली वृंदावन योजना ही विस्तीर्ण वसाहत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षण सामग्रीचे ‘डिफएक्स्पो’ हे प्रदर्शन याच परिसरात भरले होते. येथून शहरात जाण्यासाठी स्वतःचे वाहन सोयीचे पडते. त्यातून बदलीच्या निमित्ताने येथे राहावयास आलेले मराठी कुटुंब असेल, तर दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यापर्यंतचा सुमारे १,३५० किलोमीटरांचा प्रवास समोर असतो. वृद्ध आईवडील, मुले आणि सामान एकत्र न्यावयाचे म्हटले की मोठ्या एसयूव्हीचा विचार मनात येतो. नवी गाडी आवाक्याबाहेरची वाटते आणि आठ-नऊ वर्षे वापरलेली मोठी गाडी नव्या मध्यम गाडीच्या किमतीत दारात उभी राहू शकते, असे कोणीतरी सांगते.

ही माहिती खोटी नसते, परंतु अपुरी असते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाही. नवी असताना चाळीस लाखांची असलेली गाडी जुनी होऊन पंधरा लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बोचार्जर, इंजेक्टर, स्वयंचलित गिअरबॉक्स आणि रुंद टायर हे चाळीस लाखांच्या गाडीचेच असतात. म्हणून जुन्या मोठ्या गाडीचा विचार करताना ‘कोणती गाडी चांगली’ या प्रश्नापेक्षा ‘या विशिष्ट गाडीचा इतिहास काय’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

तरीही नावाचा विचार टाळता येत नाही. टोयोटाची फॉर्च्युनर भारतात २००९ मध्ये आली. तिच्या पहिल्या पिढीतील ३ लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असे. तो ठराविक अंतरानंतर बदलावाच लागतो. तुटल्यास इंजिनाचे मोठे नुकसान होते. २०१६ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीतील २.८ लिटरच्या इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे. जुनी फॉर्च्युनर घेणाऱ्याने बेल्ट केव्हा बदलला याचे बिल मागितलेच पाहिजे. या गाडीची ख्याती मोठी, त्यामुळे जुन्या बाजारातही तिचा भाव टिकून असतो आणि ‘स्वस्तात मिळालेली फॉर्च्युनर’ हीच मुळी शंका घेण्याजोगी गोष्ट असते. फोर्ड एन्डेव्हर ही तिची तोलामोलाची स्पर्धक. परंतु फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. सेवा आणि सुटे भाग पुरविण्याचे आश्वासन कंपनीने दिले असले, तरी विकत घेण्यापूर्वी आपल्या शहरात सेवाकेंद्र आहे काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. जनरल मोटर्सने भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस बंद केल्याने शेव्हरोले कॅप्टिव्हाबाबत ही दक्षता आणखी घ्यावी लागते.

याउलट नाशिकच्या कारखान्यातून २००२ पासून आलेली महिंद्रा स्कॉर्पिओ आणि पुण्यात बनलेली टाटा सफारी या गाड्या ऐटीत कमी वाटल्या, तरी त्यांच्या कामात मुरलेला मेकॅनिक लखनौपासून सोलापूरपर्यंत सापडतो. सहकुटुंब दूरच्या प्रवासाला निघणाऱ्यास वाटेतल्या गावात दुरुस्ती होणे हे चामडी आसनांपेक्षा महत्त्वाचे आहे.

डिझेल गाडी घेताना तिचा उत्सर्जन दर्जाही पाहावा. देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाला. स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालवावी लागते. रोज वृंदावन योजनेतून हजरतगंजपर्यंत रखडत जाणाऱ्या गाडीचा हा फिल्टर तुंबतो आणि त्याचा खर्च भुर्दंड वाटावा असा असतो. शहरातल्या शहरातच वापर असेल, तर कमी किलोमीटर चाललेली डिझेल गाडी ही जमेची बाजू ठरेलच असे नाही.

दिल्ली परिसरातून येणाऱ्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालविण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मनाई केली. या नियमाच्या अंमलबजावणीविषयीचे आदेश २०२५ मध्ये बदलत राहिले. लखनौ या क्षेत्रात मोडत नाही. साहजिकच दिल्लीत वय भरत आलेली मोठी डिझेल गाडी येथे मोहक भावात मिळू शकते. ती वाईटच असते असे नव्हे, पण भाव का उतरला याचे कारण गाडीत नसून कायद्यात आहे, याची खात्री पटली पाहिजे.

गाडी पाहावयास सकाळी लवकर जावे आणि विक्रेत्याला आधीच सांगावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. बोनेटला हात लावताच ते गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना काय होते हे लपविले जात असावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याच्या झाकणातून वाफेसारखा झोत जोरात येत असेल, तर सिलिंडर आणि रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या भागावर चिखलाची रेघ सहसा कोणी धूत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ याचा अर्थ २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि टायरचा दुसरा जोड, हा मेळ बसत नाही. मीटर मागे फिरविता येतो. अधिकृत सेवाकेंद्रातील नोंदी मात्र सहसा कोणी बदलू शकत नाही. म्हणून क्रमवार सर्व्हिसच्या नोंदी नसलेली गाडी, कितीही चकचकीत असली तरी, नाकारणे शहाणपणाचे.

या वर्गातील फॉर्च्युनर, एन्डेव्हर आणि स्कॉर्पिओ या गाड्यांचा सांगाडा शिडीसारख्या भक्कम चौकटीवर उभा असतो. गाडी रॅम्पवर चढवून या चौकटीवर नवे वेल्डिंग, ताजा काळा रंग किंवा वाकलेपणा दिसतो का, हे आपल्या विश्वासातील मेकॅनिकने पाहावे. अपघाताचा पुरावा पत्र्यावर राहत नाही, तो येथे राहतो. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर ती प्रत्यक्ष लावून पाहावी. अनेक मालकांनी ती वर्षानुवर्षे वापरलेलीच नसते.

आता किमतीविषयी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरील वस्तू व सेवा कराचा उपकरासह असलेला ५० टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर आला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीची किंमतही तिच्या मागोमाग खाली येते. त्यापूर्वीच्या भावांचे दाखले कोणी दिल्यास ते मान्य करू नयेत. कर्ज घ्यावयाचे असल्यास जुन्या वाहनावरील व्याजदर सामान्यतः नव्यापेक्षा अधिक असतो. वाहनाचे वय आणि परतफेडीची मुदत यांची बेरीज ठराविक वर्षांपलीकडे जाऊ नये, असा दंडक बहुतेक बँका पाळतात. तेव्हा शाखेत आधी चौकशी करावी, विसार नंतर द्यावा.

कागदपत्रांच्या बाबतीत विक्रेत्याचा धोका खरेदीदारापेक्षा कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालात असे ठरले की, वाहन एकामागून एक अनेकांच्या हाती गेले असले तरी परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून ‘पुढचे दलाल पाहील’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नियम लागू झाले असून गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करता येते. ती करून तिची प्रत जपून ठेवावी. गाडीवर आधीच्या कर्जाचा बोजा असेल, तर सावकार बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ यांखेरीज तो उतरत नाही. कर्ज फिटले तरी नोंदणी प्रमाणपत्रावर बोजा तसाच राहिल्याचे पुष्कळदा आढळते. विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येते, परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते आणि त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’ गाडीसोबत येत नाही. तो जुन्या मालकाचा असतो.

राहिला बदलीचा प्रश्न. लखनौची यूपी ३२ क्रमांकाची गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी लखनौच्या परिवहन कार्यालयाचे नमुना २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र हवे. थकीत कर वा चलन असेल तर ते अडते. महाराष्ट्रात गाडीच्या वयानुसार मोटार वाहन कर भरावा लागतो आणि उत्तर प्रदेशात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका सुरू झाली. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांचे कर्मचारी तिला पात्र ठरतात. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीनंतर आधीच नोंदणी झालेल्या गाड्याही आवश्यक कर भरून या मालिकेत नेता येतात. अशा गाडीचा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरावयाचा असल्याने, बदलीचा आदेश हाती पडल्यावर परिवहन कार्यालयात करावयाचे काम पुष्कळ कमी होते.