कळपात मागे कोण राहते?

आपल्याकडे फराळाचे डबे भरले जात असतात, त्याच सुमारास बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माळावर धनगरांच्या वाड्यांत बाळंतपणांची गडबड सुरू झालेली असते. पावसाळ्याच्या तोंडाशी फळलेली मेंढी सुमारे १५० दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे विते. आष्टी-पाटोद्याच्या रस्त्याने जाताना या दिवसांत एखादा कळप आडवा आला, तर मोटारीचा भोंगा वाजवण्याआधी शेवटच्या मेंढीकडे पाहा. धनगराचे लक्षही तिच्याकडेच असते.

मेंढीच्या पोटातल्या कोकराची दोनतृतीयांशाहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. कोकराची भूक वाढते, आणि त्याच्याच दाटीमुळे आईच्या पोटात चारा मावेनासा होतो. मग ती अंगावरची चरबी जाळू लागते. ते ओझे यकृताला झेपत नाही आणि रक्तात विषारी द्रव्ये साठतात. गंमत अशी, की हा रोग रोडावलेल्या मेंढीला होतो तसाच फार लठ्ठ मेंढीलाही होतो! सुरुवातीची लक्षणे अगदी साधी. मेंढी रेंगाळते, चारा हुंगून सोडून देते, एकटीच मान खाली घालून उभी राहते. पुढे ती दात खाते, डोळे उघडे असून कुंपणाला धडकते, तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. रेंगाळते आहे तोवर गुळाचे पाणी पाजून पशुवैद्याला गाठले, तर आशा असते. आडवी पडली की फारच थोड्या मेंढ्या उठतात.

याला जुळ्यांचा रोग म्हणतात. आपली काळी दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. तेव्हा तिला भीती दुष्काळाची, आणि बीडला दुष्काळाची वाण नाही. पण फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ निपजवली. दोन कोकरे म्हणजे दुप्पट उत्पन्न, हे खरे. पण शेवटच्या दीड महिन्यात खुराकही वाढवायला हवा, हे हिशेब मांडताना विसरले जाते.

अशीच लुळी पडणारी दुसरी मेंढी असते, ती कॅल्शियम कमी पडल्यामुळे. तिला वेळेवर इंजेक्शन मिळाले, तर तासाभरात ती उठून चरू लागते. वरून दोघी सारख्याच दिसतात, म्हणून ओळख पशुवैद्यावरच सोपवावी. कास मात्र घरची बाईही जोखू शकते. एक बाजू गरम आणि दगडासारखी लागली, तर वेळ दवडू नये.

सर्वांत धास्ती गाभडण्याची. एखादी मेंढी धक्क्यानेही गाभडते, पण पाठोपाठ तीन-चार गाभडल्या तर साथ समजावी. चिलटांनी पसरणारा नीलजिव्हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला तो १९६४ मध्ये, आपल्या महाराष्ट्रातच. त्यानेही गर्भ पडतात. ब्रुसेला नावाचा जंतू तर माणसालाही सोडत नाही. माल्टा बेटावरच्या इंग्रज सैनिकांना येणाऱ्या हटवादी तापाचे हे कारण डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये शोधले. तो शेळीच्या दुधातून येतो हे कळायला १९०५ साल उजाडले. म्हणून पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये, चुना घालून खोल पुरावी. घरातल्या गरोदर सुनेला तर तिकडे फिरकूच देऊ नये. आणि माळावरचे ताजे धारोष्ण दूध पिण्याची हौस असलेल्या आपल्यासारख्यांनी ते आधी उकळून घ्यावे!

पाणमोट फुटल्यावर तासाभरात कोकरू दिसले नाही, तर ते अडले असे समजून मदत बोलवावी. वार लोंबत राहिली तर ओढू नये. कोकराला मात्र पहिल्या तासा-दोन तासांतच चीक मिळाला पाहिजे. सकाळी वाडा हलतो तेव्हा ते चालू शकत नाही. घोड्यावरच्या ओझ्यात, कोंबड्यांच्या शेजारी बसून पुढच्या मुक्कामाला जाते, आणि त्याची आई ओरडत घोड्याच्या मागोमाग चालते.